दुपारी एकला चांगला लागणारा, खिशाला परवडणारा डबा कसा भरायचा

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपला क्वालिटीमध्ये आहे, राहायला कसबा बावड्यात, आणि मिसेस शाहूपुरीत एका ऑफिसात काउंटरला बसते, म्हणजे घरातनं रोज दोन डबे निघतात आणि दोघांचीही गडबड एकाच टायमाला. सात वर्षं झाली हे चालू आहे. लग्नाआधी मी डबा न्यायचोच नाही, आमचं शॉप छोटं, कॅन्टीन नाही, मग एक वाजला की गाडी काढायची आणि हायवेला जाऊन कधी मिसळ कधी राईस प्लेट कधी नुसतं वडापाव. एकदा महिनाअखेरीला पैसे कुठं गेले म्हणून फोनमधली पेमेंटची हिस्टरी काढून बसलो तर नुसत्या दुपारच्या जेवणाचे दिवसाला सरासरी ९० रुपये, २६ दिवसांचे २३४० रुपये. ते बघून दुसऱ्या दिवसापासनं डबा सुरू केला आणि खरं सांगतो पंधरा दिवसांत बंद पडला.

बंद का पडला ते आधी सांगतो कारण बऱ्याच जणांचं तिथंच अडतंय. भाजी सकाळी सातला गरम असताना मस्त लागायची, एकला डबा उघडला की भाकरी पापडासारखी, पिठलं दगड झालेलं, वांग्याला पाणी सुटलेलं, मग दोन घास खायचे आणि परत गाडी काढून हायवेला. म्हणजे डब्याचाही खर्च आणि बाहेरचाही. आईनं एक दिवस तो तसाच परत आलेला डबा बघितला आणि म्हणाली, आरं तू सातला चव बघून भरतोयस, खायचं एकला हाय की. तिच्या त्या एका वाक्यावर आमचं सगळं डब्याचं गणित बदललं. आई मूळची गारगोटीकडची, तिनं शेतावर न्यायची शिदोरी आयुष्यभर बांधली, तिला माहीत होतं की जे सहा तासांनी खायचंय ते वेगळं शिजवायचं असतंय.

तर पहिला नियम हा. कुठलाही पदार्थ डब्यात घालायच्या आधी विचार करा की हा साडेपाच तासांनी, गार झाल्यावर, कसा लागेल. पाणी सुटणार असेल तर शेंगदाण्याचं कूट घाला नाहीतर अजून आटवा, घट्ट होणार असेल तर तेल आणि कांदा जरा जास्त घाला. आणि हे शंभर टक्के खरं आहे की जो पदार्थ गार चांगला लागतो तो बहुतेक स्वस्तच असतो, झुणका घ्या, उसळ घ्या, धपाटं घ्या, खर्डा घ्या. पनीरची भाजी गार झाल्यावर रबरासारखी लागते आणि महाग ती महागच.

आता स्वस्ताईचं. भाजीच्या मागं लागलात तर डबा स्वस्त पडत नाही. भाजीचा दर आठवड्याला बदलतो, पावसाळ्यात तर काय विचारायलाच नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता, शहरात भाजी नाही दूध नाही पेट्रोल नाही, तेव्हा आमच्या घरात डब्यात भरून ठेवलेलं मसूर, मटकी, हुलगं म्हणजे कुळीथ आणि चटणी ह्याच्यावर दिवस काढले. तेव्हापासनं कडधान्य हा मुख्य माल आणि भाजी ही बाजूला, असं आम्ही धरलंय. एका माणसाला एका वेळेला ५० ग्रॅम कोरडं कडधान्य पुरतं. मसूर १०० रुपये किलो धरला तर ते झाले ५ रुपये. कांदा, तेल, चटणी, गॅस मिळून अजून ७-८ रुपये, दोन भाकरीचं पीठ ७-८ रुपये, आणि थोडं ताक नाहीतर काकडी. २५ रुपयांच्या आत पोटभर जेवण होतंय. हे दर आमच्या दुकानातले आहेत, तुमच्याकडं थोडं इकडं तिकडं होईल. २६ दिवसांचे ६५० रुपये. वरच्या २३४० मधनं वजा करून बघा, एका माणसामागं १६९० रुपये राहतात, आणि आमच्यात डबे दोन.

सुरुवात कुठनं करायची तर आख्ख्या मसुरापासनं करा. सांगली कोल्हापूर पट्ट्यात ढाब्यावर बोर्ड लावून विकतात तोच, फक्त डब्यासाठी रस्सा कमी. दोन डबे आणि रात्रीचं दोघांचं जेवण असं मिळून चार जणांना २०० ग्रॅम मसूर. रात्री भिजत घातला तर चांगलंच, विसरलात तर सकाळी उठल्या उठल्या गरम पाण्यात घाला, अर्ध्या तासात बऱ्यापैकी फुगतो. कढईत तीन चमचे तेल, मोहरी जिरं, दोन मोठे कांदे बारीक चिरून, आणि इथं घाई करायची नाही, कांदा कडेनं तांबूस व्हायला लागेपर्यंत परतायचा, मग आलं-लसूण, एक टोमॅटो, तो पार गळला की हळद आणि दीड चमचा चटणी. चटणी म्हणजे आपली कांदा-लसूण चटणी, बाहेरगावच्या लोकांना सांगावं लागतंय की आमच्यात चटणी म्हणजे तिखट. चटणी तेलात टाकल्यावर गॅस बारीक ठेवा आणि लगेच दोन चमचे पाणी मारा नाहीतर करपते आणि करपलेली चटणी दुपारपर्यंत कडू लागते. मग मसूर, तो बुडून वर एक बोटभर येईल इतकं गरम पाणी, झाकण. वीस-पंचवीस मिनिटांत मसूर शिजतो. बोटानं दाबला की दबला पाहिजे पण फुटून पीठ झालेला नको, पीठ झाला की गार झाल्यावर घट्ट लगदा होतो. मीठ शेवटी. आणि शेवटची पाच मिनिटं झाकण काढून आटवायचं, पळी तिरकी केली तर रस्सा पळायला नको, हळूच घसरला पाहिजे. हा जो हळूच घसरणारा रस्सा आहे ना, तो एक वाजेपर्यंत मसूर पिऊन घेतो आणि बरोबर भाकरीनं उचलता येईल असा होतो. सकाळी जर बरोबर वाटला तर दुपारी कोरडा लागणार हे लक्षात ठेवा, सकाळी जरा पातळच वाटला पाहिजे पण सांडण्याइतका नाही. हा अंदाज दोन-तीन वेळा करून येतोच.

मटकीचं पण असंच पण मोड आणायचं गणित वेगळं. आमच्याकडं इंडस्ट्रियल सुट्टी सोमवारी असते, त्यामुळं आमचा आठवडा मंगळवारी सुरू होतो आणि सगळी तयारी सोमवारी. तुमची सुट्टी रविवारी असेल तर एक दिवस मागं धरा. रविवारी रात्री पाव किलो मटकी निवडून भिजत घालायची, निवडायचीच, त्यात खडा असतो आणि गणंग मटकी असते ती शिजतच नाही. सोमवारी सकाळी निथळून ओल्या फडक्यात घट्ट बांधून पातेल्यात झाकून ठेवली की उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात. थंडीत येत नाहीत लवकर, मग ते गाठोडं शिजवणाच्या बाजूला, गॅसच्या उबेला ठेवायचं नाहीतर कणकेच्या डब्यात घालून झाकायचं. मोड आलेली मटकी फ्रीजला तीन दिवस आरामात राहते, त्यातनं मूठमूठ काढून सुक्की उसळ, कधी भातात, कधी नुसती लिंबू कांदा मारून. सुक्क्या उसळीला कुकर लावू नका, कढईत झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवा, दाणा सुटा राहतो. कुकरच्या उसळीचा डब्यात चिखल होतो.

झुणका मला सगळ्यात जास्त आवडतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. पिठलं आणि झुणका ह्यात डब्यासाठी नेहमी झुणका. पिठलं गरम ताटातलं, गार झालं की त्याची वडी पडते. झुणक्याला लोक कांदा कमी घालतात तिथं चुकतं आणि मग दुपारी घशात अडकतो. एक वाटी डाळीच्या पिठाला दोन वाट्या भरून चिरलेला कांदा, कांद्याची पात मिळाली तर पातच घाला, पातीचा झुणका दुसऱ्या दिवशीसुद्धा ओलसर असतो. तेल तीन-चार चमचे, हात आखडू नका, ह्या पदार्थात तेल हेच त्याला मऊ ठेवतं. फोडणीत मोहरी जिरं लसूण हळद, कांदा मऊ झाला की चटणी मीठ, मग पीठ वरनं भुरभुरत एका हातानं सोडायचं आणि दुसऱ्या हातानं हलवायचं, सगळं कोरडं भुगा झाल्यासारखं दिसेल, घाबरायचं नाही, हातात पाणी घेऊन शिंपडायचं, झाकण, चार मिनिटं, परत हलवून परत शिंपडायचं, असं दोन-तीनदा. पिठाचा कच्चा वास जाऊन कडेला खरपूस वास आला की झालं. वरनं कोथिंबीर. बरोबर एक कच्चा कांदा आख्खाच न्या आणि तिथं बुक्कीनं फोडून खावा. कापून नेलेल्या कांद्याचा वास सगळ्या डब्याला लागतो.

चटणीशिवाय हे काहीच जमणार नाही आणि चटणी ही वर्षाची एकदाच करायची गोष्ट आहे, मार्च-एप्रिलात. रंगाला ब्याडगी, तिखटाला आणि चवीला संकेश्वरी नाहीतर जवारी, मिरची घ्यायला गडहिंग्लजचा बाजार चांगला, आमच्या आईचा त्याच्यावरच विश्वास. उन्हात कडकडीत वाळवून, कांदा खोबरं तीळ धणे लसूण आणि खडा मसाला भाजून, सगळं कांडपाला न्यायचं. त्या दिवशी हजार-दीड हजार एकदम गेले असं वाटतं पण वर्षभर पाकिटातले मसाले घ्यायचे वाचतात आणि भाजी कितीही साधी असली तरी तोंडाला चव येते. ज्यांना घरी करणं होत नाही त्यांनी बचत गटाच्या बायका करतात त्यांच्याकडनं अर्धा-एक किलो घ्यावी, बरणीत ओला चमचा घालू नये, बस्स.

मोठ्या चटणीशिवाय छोट्या कोरड्या चटण्या आठवड्याला एक. शेंगदाण्याची, कारळ्याची, जवसाची. शेंगदाणे अर्धा किलो सोमवारी भाजून ठेवले की निम्म्याचं कूट, निम्म्याची चटणी. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात २५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, म्हणजे दोन चमचे चटणी ही नुसती तोंडी लावायला नाही, ती जेवणाचा भाग आहे. दोडका आणला की त्याच्या शिरा फेकू नका, तेलावर कुरकुरीत होईस्तोवर परतून तीळ, लसूण, हिरवी मिरची, मीठ घालून जाडसर कुटा, माझ्या डब्यातली सगळ्यात आधी संपणारी गोष्ट ही. खर्डा करताना मिरची तेलात चांगली भाजून घ्या, त्यात शेंगदाणे घाला, पाणी अजिबात नको, मग तो फ्रीजशिवाय दोन-तीन दिवस राहतो. मिसेस काउंटरला बसते, समोर माणसं येतात, म्हणून तिच्या डब्यात लसणाचा खर्डा नाही, तिला कारळ्याची चटणी आणि वर कच्चं तेल. डबा कोण खाणार, कुठं बसून खाणार, हे बघावं लागतंय.

भाकरी. शाळूचं, म्हणजे ज्वारीचं, पीठ एकदम पाच-सहा किलो दळून आणलं की पंधरा दिवसांनी त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना चिरते आणि दुपारी तुकडे पडतात. म्हणून दोन किलोच दळून आणा, गिरणीला चार दिवसांनी परत जावं लागलं तरी चालेल. पीठ उकळत्या पाण्यात मळा, आणि चांगलं मळा, तळहाताच्या टाचेनं रगडून पीठ मऊ लोण्यासारखं झालं पाहिजे. भाकरी तव्यावरनं काढली की लगेच डब्यात नाही टाकायची. आधी पाटीत, उभी टेकवून, वाफ जाऊ द्यायची, मग कोमट असताना सुती फडक्यात गुंडाळून डब्यात. गरम कोंडली तर खालच्या बाजूला पाणी सुटून चिकट होते आणि उघडी ठेवली तर वातड. फडकं रोज धुतलेलं पाहिजे. मध्ये मध्ये नाचणी. आजरा चंदगडकडची नाचणी आमच्याकडं चांगली मिळते, शंभर ग्रॅममध्ये ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, आणि पोट संध्याकाळपर्यंत धरून ठेवते. नाचणीची भाकरी उकड काढूनच करा. चपाती करायची असेल तर कणकेत दोन चमचे दूध नाहीतर जरा जास्त तेल, एवढंच सांगतो.

भाताबद्दल मात्र सांभाळून. रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणी देऊन नेणं हा सगळ्यात स्वस्त आणि सोपा डबा आहे, आम्हीही नेतो, पण तो भात रात्री जेवण झाल्यावर तासाभरात पसरट भांड्यात गार करून फ्रीजला गेलेला असला पाहिजे. रात्रभर ओट्यावर पातेल्यात राहिलेला भात डब्याला नाही. भातात एक जंतू असतो त्याचं बी शिजवून मरत नाही, भात कोमट राहिला की ते वाढतं आणि विष सोडतं, आणि ते विष परत गरम करून जात नाही. उलटी जुलाब होऊन एक दिवसाची हजेरी गेली तर महिन्याची बचत त्यात जाते. तांदळाचं म्हणाल तर इंद्रायणी चवीला भारी पण गार झाला की गोळा होतो, तो दहीभाताला आणि खिचडीला ठेवा, फोडणीच्या भाताला कोलम नाहीतर सोना मसुरी सुटा राहतो. आजरा घनसाळ आम्ही सणालाच करतो, त्याचा वास ताटात गरम गरम घेण्यासारखा आहे, डब्यात कोंडून उपयोग नाही.

दहीभात उन्हाळ्यात दोनदा तरी. सकाळी सगळं दही घातलं की एकपर्यंत आंबटढाण होतो. भात मऊ शिजवून जरा चेचायचा, पूर्ण गार झाला की त्यात गार दूध भरपूर आणि दही फक्त एक चमचा, मीठ, वरनं जिरं मिरची कढीपत्त्याची गार केलेली फोडणी. जाताना खिरीसारखा पातळ दिसतो, दुपारी दही लागून बरोबर होतो. तसंच नुसतं दही न्यायचं तर छोट्या स्टीलच्या डबीत सकाळी कोमट दुधाला विरजण लावून तसंच बॅगेत, गाडीवर हलू नये म्हणून डबी रुमालात घट्ट बांधा. उन्हाळ्यात एकपर्यंत गोड दही तयार. थंडीत हे होत नाही, तेव्हा रात्रीच लावा.

आता खराब होण्याचं, कारण माझी स्वतःची चूक आहे. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये ओलं खोबरं वाटून घातलेली मटकीची उसळ केली, निघायला उशीर झाला म्हणून कढईतनं थेट एअरटाईट डब्यात भरली, झाकण लावलं आणि डबा गाडीच्या डिकीत. डिकीत म्हणजे सकाळभर उन्हात. एकला झाकण उघडलं तर फस्स करून हवा बाहेर आली, आंबूस वास, आणि चमचा वर उचलला तर तार सुटलेली. चार माणसं जेवायला बसलेली, आमच्यातले मोल्डिंगचे मामा म्हणाले हे टाक आधी आणि हात धू, माझ्यातलं खा. तेव्हापासनं घरात ठरलंय की मार्च ते जून ओलं खोबरं डब्यात नाही, सुकं खोबरं नाहीतर कूट. आणि भाजी एकतर चांगली वाफाळती, आतनं गरम राहणाऱ्या थर्मासवाल्या डब्यात, नाहीतर ताटात पसरून पंख्याखाली पूर्ण गार करून साध्या डब्यात. कोमट कोंडलेली भाजी सगळ्यात वाईट, ५ ते ६० डिग्रीच्या मधी जंतू वाढतात आणि त्यातली कोमट उबच त्यांना सगळ्यात आवडते. चिंच, आमसूल, लिंबू घातलेलं जरा जास्त टिकतं. डबा कामावर गेल्या गेल्या डिकीतनं काढून सावलीत, हवा असेल तिथं ठेवायचा, भट्टीकडच्या भिंतीला तर अजिबात नाही.

भाजी घ्यायला आम्ही रविवारी सुटल्यावर लक्ष्मीपुरीच्या बाजारात जातो, अंधार पडायच्या सुमाराला, तेव्हा बसलेल्या बायकांना घरी जायची घाई असते आणि ढिगावर दर मिळतो. पण ढीग बघून घेऊ नका, चार दिवसांत काय संपणार ते बघून घ्या, सडून टाकलेली स्वस्त भाजी सगळ्यात महाग. आठवड्याला तीनच भाज्या. गवारी, वांगं, कोबी, दोडका ह्यातलं काहीतरी एक टिकणारं, एक पालेभाजी आणि काकडी-गाजर. पालेभाजी आधी संपवायची, मेथी नाहीतर पोकळा, मुगाची डाळ घालून सुक्की, डाळ घातली की जुडी दोघांना पुरते. मेथी मंगळवारीच. वांगं कुटात भरून करायचं असेल तर नदीकाठची काटेरी छोटी वांगी, पण डब्याला उभ्या फोडी करून परतलेलं वांगंच बरं, भरल्या वांग्याचा रस्सा तेल सोडतो आणि बॅग खराब होते.

अंडी हा पण चांगला आधार आहे. दोन उकडलेली अंडी सालासकट न्या, तिथं सोला, मीठ आणि चटणी कागदात. सोलून नेलेल्या अंड्याला वास येतो. बुर्जी चालते, कांदा जास्त. सोयाबीनच्या वड्या शंभर ग्रॅमला ५२ ग्रॅम प्रोटीन देतात आणि दर बघितला तर ह्यापेक्षा स्वस्त प्रोटीन नाही, फक्त गरम पाण्यात भिजवून दोन-तीनदा घट्ट पिळा म्हणजे वास जातो, मग मसुराच्याच मसाल्यात घाला. सुकट स्वस्त आणि भाकरीबरोबर काय लागते, पण बंद एसी ऑफिसात नेऊ नका, शॉपवर उघड्यावर बसत असाल तरच.

ज्या दिवशी काहीच सुचत नाही, पाहुणे येऊन गेलेत, उशिरा झोपलोय, त्या दिवसासाठी धपाटं. ज्वारीचं पीठ दोन वाट्या, डाळीचं पीठ अर्धी वाटी, थोडी कणीक, तीळ, ओवा, चटणी, मीठ, रात्रीची उरलेली आमटी असेल तर त्यातच मळा, पाणीसुद्धा लागत नाही. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर तेल सोडून खरपूस. चार धपाटी आणि दही, भाजी करायची गरज नाही. हे पीठ कोरडं मिसळून आम्ही एका डब्यात कायम भरून ठेवतो, आईच्या भाषेत अडीनडीचा डबा. पूर्वी असल्या दिवशी मी बाहेर खायचो, आणि एक दिवस बाहेर खाल्लं की दुसऱ्या दिवशीही खावंसं वाटतं, आठवडा तसाच जायचा. म्हणून आडव्या दिवसाची सोय आधी करा, चांगल्या दिवसाचं आपोआप जमतं.

आणि एकटं बसून खाऊ नका. आमच्या इथं पाच जण आहोत, सगळ्यांचे डबे वर्तमानपत्र पसरून मध्ये मांडतो. ठरवून एकानं भाजी जास्त आणायची, एकानं चटणी-लोणचं, एकानं कांदा-काकडी, बाकी भाकरी ज्याची त्याची. हुपरीच्या एकाच्या घरची सांडगी मिरची, इचलकरंजीच्या एकाकडनं येणारी जवसाची चटणी, मामांच्या घरचा हुलग्याचा झुणका, हे पैसे देऊन कुठं मिळत नाही. पाच जणांचं पाच प्रकारचं होतं आणि एकाच भाजीचा कंटाळा येत नाही, खर्च मात्र प्रत्येकाचा एकाच भाजीचा. मिसेसच्या ऑफिसात मायक्रोवेव्ह आहे म्हणून तिला मी कधी आमटी-भातही देतो, पण आमटी वेगळ्या फिरकीच्या डबीत आणि भात वेगळा, स्टीलचा डबा मायक्रोवेव्हमध्ये घालायचा नसतो म्हणून तिथं तिनं एक काचेचा बाऊल कायमचा ठेवलाय.

डबा घेताना स्टीलचा, तीन कप्प्यांचा नको, तीन वेगळ्या डब्यांचा घ्या, एक फुटला गळला तर एकच बदलता येतो. प्लास्टिकला चटणीचा रंग आणि लसणाचा वास बसतो तो परत निघत नाही. ॲल्युमिनियमच्या डब्यात चिंचेचं, टोमॅटोचं, दह्याचं काही भरू नका. जेवण झालं की तिथंच पाण्यानं विसळा, संध्याकाळी घरी येईस्तोवर खरकटं तसंच ठेवलं तर धुऊनही वास राहतो. झाकणाची रबरी रिंग आठवड्यातनं एकदा चमच्याच्या टोकानं काढून वेगळी धुवा, त्याच्या खाली तेल आणि मसाला साठून काळी बुरशी धरते, वरनं कधी दिसत नाही. रिंग ढिली झाली की डबा गळतो, लोक नवीन डबा घेतात, तसं करू नका, भांड्याच्या दुकानात जुनं झाकण घेऊन गेलं की त्या मापाची रिंग थोडक्या पैशात मिळते. घ्याल तेव्हा दोन घेऊन ठेवा.